पश्चिमेच्या खिडकीचा दरवाजा करताना : जांभ्याच्या भिंतीत रुंदी किती वाढवावी?

वळचण

आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून साधारण चारशे मीटरांवर आहे. आजोबांनी १९५८ साली बांधलेले हे घर एकमजली व कौलारू असून त्याच्या भिंती १४ इंची, जांभ्याच्या चिऱ्यांच्या आणि मातीत बांधलेल्या आहेत. गिलावा मात्र नंतर केव्हातरी सिमेंटचा झाला. पश्चिमेच्या खोलीत वडील असतात. गेल्या वर्षापासून ते चाकांच्या खुर्चीत आहेत आणि त्यांना पडवीत आणायचे म्हणजे माजघर, ओटी असा घराला वळसा घालावा लागतो. त्यामुळे त्यांच्याच खोलीच्या पश्चिम भिंतीतील खिडकी रुंद करून, जमिनीपर्यंत खाली नेऊन, तेथे काचेचा सरकता दरवाजा बसवावा असा विचार आहे. दुकानदाराने ८ फूट रुंद व ७ फूट उंच असे माप सुचवले आहे.

भिंतीची मापे देतो. आतून लांबी १६ फूट. उत्तरेच्या कोपऱ्यापासून अडीच फूट भिंत, मग ४ फुटांची ही खिडकी, मग ४ फूट भिंत, मग ३ फुटांची दुसरी खिडकी आणि शेवटी पुन्हा अडीच फूट भिंत. खिडक्यांचा माथा जमिनीपासून साडेसहा फुटांवर आणि वासे टेकलेली लाकडी पट्टी ९ फुटांवर आहे. बाहेर ५ फूट खोल पडवी असून तिची जमीन खोलीपेक्षा चार इंच खाली आहे. गवंडी म्हणतो की आठ दिवसांचे काम आहे. मला त्या आठ दिवसांची धास्ती वाटते, म्हणून येथे विचारतो आहे.

ओळंबा

धास्ती योग्य आहे. मी बांधकाम खात्यात तीस वर्षे काढली आहेत आणि दरवाजे बसवताना बिघडलेली कामे मी फारशी पाहिलेली नाहीत. बिघडतात ती दरवाजासाठी भिंत कापताना. म्हणून दुकानदाराचे माप आपण सध्या बाजूला ठेवू आणि भिंतीला काय झेपेल ते आधी पाहू.

खिडकी आहे त्याच रुंदीत नुसती खाली नेली, तर वरच्या भाराला फारसा फरक पडत नाही. खिडकीखालचे अडीच फूट चिरे स्वतःच्या वजनापलीकडे फार काही उचलत नसतात. ते काढून उभ्या कडा नीट बांधल्या की काम झाले. परंतु रुंदी एक फुटाने जरी वाढवली तरी वरचे आडवे आधाराचे काम नव्याने करावे लागते आणि खर्च, वेळ व धोका हे तिन्ही तेथून सुरू होतात.

आता मापे. भूकंपाच्या दृष्टीने दगड-विटांच्या इमारतींसाठी असलेल्या आयएस ४३२६ या भारतीय मानकात उघड्या भागांवर मर्यादा घातलेल्या आहेत. अधिक जोखमीच्या वर्गातील एकमजली इमारतीत एका भिंतीतील सर्व दारे-खिडक्यांची एकत्रित रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नसावी, आतल्या कोपऱ्यापासून उघडा भाग किमान ४५० मिलिमीटर दूर असावा आणि दोन उघड्या भागांमधील भिंत किमान ५६० मिलिमीटर असावी. गुहागरपासून कोयना फार दूर नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का तुमच्या घरानेही खाल्ला असणार, तेव्हा मी कडक वर्गच धरीन.

तुमचा ८ फुटांचा दरवाजा उत्तरेची कड कायम ठेवून दक्षिणेकडे वाढवला, तर तो थेट दुसऱ्या खिडकीला जाऊन भिडतो. मधली भिंत उरतच नाही. एकूण उघडा भाग ११ फूट, म्हणजे सोळाच्या जवळजवळ सत्तर टक्के होतो. हे होऊ देऊ नका. दरवाजा ५ फुटांचा केला तर ५ आणि ३ मिळून ८, म्हणजे बरोबर निम्मे. मधे ३ फूट भिंत उरते आणि कोपऱ्याजवळचे अडीच फूट शाबूत राहतात.

वळचण

सत्तर टक्क्यांचा हिशेब वाचून आधी भिंतीकडे आणि मग दुकानदाराच्या कागदाकडे पाहिले. आजी सांगत असे की कोयनेच्या वेळी याच खोलीचा उत्तर कोपरा उभा तडकला होता आणि तो नंतर भरून घेतला. गिलाव्यामुळे आता तो दिसत नाही.

एक शंका आहे. दुसरी खिडकी चिऱ्यांनी बुजवून टाकली तर ८ फूट चालतील का? तेही निम्मेच होतात.

ओळंबा

आकडा बसतो, पण केवळ आकडाच. बुजवलेला भाग जुन्या भिंतीशी एकजीव व्हायचा असेल, तर दोन्ही बाजूंना एक थर सोडून एक चिरा काढून नवे चिरे दात घालून गुंफावे लागतात. नुसते चिरे रचून वरून गिलावा मारला तर तो भाग केवळ झाकण ठरतो.

दुसरे असे की आधारावरचा भार रुंदीच्या प्रमाणात वाढतो, परंतु तो वाकवणारा परिणाम रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाचाऐवजी आठ फूट केल्यास आधार वाकवणारा जोर अडीच पटींहून अधिक होतो. आणि उत्तर कोपरा एकदा तडकलेला असेल, तर त्याच्या शेजारी एवढे मोठे भगदाड पाडण्याआधी त्या कोपऱ्याचा गिलावा खरवडून आतली स्थिती डोळ्यांनी पाहा.

वरच्या वजनाचाही अंदाज देतो. एरवी उघड्या भागावरचे बांधकाम कमानीसारखे आपोआप तोलले जाते आणि आधारावर फक्त त्रिकोणाएवढा भाग येतो असे धरतात. त्यासाठी वर पुरेशी उंच भिंत हवी. तुमच्या खिडकीच्या माथ्यावर पट्टीपर्यंत अवघे अडीच फूट बांधकाम आहे. तेवढ्यात कमान तयार होत नाही, म्हणून सगळी भिंत आणि तिच्यावर टेकलेले छप्पर असा पूर्ण भार धरावा. ५ फूट रुंदीवर अडीच फूट उंच व १४ इंच जाड भिंतीचे सुमारे ९०० किलो होतात. मंगलोरी कौले रिपांसह, म्हणजे खालच्या लाकडी पट्ट्यांसह, चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरतात; खोलीचे अर्धे आणि पडवीचे अर्धे छप्पर, शिवाय वासे धरले तर आणखी तीन-साडेतीनशे किलो. एकूण सव्वा टन. हे वजन दोन बांबूंच्या टेकूवर ठेवून आठ दिवस काढण्याजोगे नाही.

खळ्यातली

ओळंबाकाकांनी वजनाचे सांगितले, मी पाण्याचे सांगते. आमचे घर देवगड तालुक्यात असून आम्ही पाच वर्षे नोकरी-धंद्यासाठी बाहेर राहिल्यावर परत येताना हौसेने पश्चिमेला ६ फुटांचा सरकता काचेचा दरवाजा करून घेतला. त्या बाजूला आम्हाला पडवी नव्हती, दोन फुटांची वळचण तेवढी होती.

पहिली दोन वर्षे एवढेच कळले की तळाच्या पन्हाळीत वाळू साचते. ती रोज ब्रशने काढावी लागते, नाहीतर चाके घासतात. पुढे १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत असताना आमच्याकडे दिवसभर वारा होता. काच फुटली नाही. मात्र पन्हाळीतून पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांमधूनच वाऱ्याच्या दाबाने पाणी आत येऊ लागले. ते थेंबांनी येत नव्हते, तर नळ अर्धवट सोडल्यासारखे बुडबुडत वर येत होते. घरातले सगळे पंचे, गोणपाट आणि शेवटी एक जुनी गोधडी तेथे लावून बसलो. दोन्ही फळ्यांच्या मधल्या फटीतून शिट्टीसारखा आवाज रात्रभर येत होता.

खिडकीखालची अडीच फूट भिंत पावसाला अडवते हे ती काढल्यावर समजते. तुम्हाला पडवी आहे, ही मोठीच सोय आहे. तरीही दरवाजा निवडताना पावसाचा विचार आधी करा आणि समुद्र दिसण्याचा नंतर.

सुतारपक्षी

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकामाच्या आहेत, म्हणून चाकांच्या खुर्चीबद्दल लिहितो. सरकत्या दरवाजाची रुंदी जेवढी, त्याच्या निम्मीच वाट मिळते, ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. ५ फुटांच्या दोन फळ्यांच्या सरकत्या दरवाजात चौकट वजा जाता जेमतेम सव्वादोन फूट मोकळे राहतात. खुर्ची साधारण २५ ते २७ इंच रुंद असते आणि चाक फिरवणाऱ्या हातांना वेगळी जागा लागते. वडिलांची बोटे रोज चौकटीला घासतील.

त्यापेक्षा त्याच ५ फुटांत उघडझापीचा, पण दोन असमान झडपांचा दरवाजा करा. मोठी झडप जवळजवळ ३ फुटांची आणि लहान दीड फुटाची. लहान झडप वर-खाली कडी घालून एरवी बंद ठेवायची आणि मोठीने ये-जा करायची. कधी खाट बाहेर काढायची झाली तर दोन्ही उघडतात. झडपा बाहेर पडवीत उघडणाऱ्या ठेवा, कारण मग पश्चिमेचा वारा झडपेला चौकटीच्या खाचेवर दाबून बसवतो. आत उघडणाऱ्या झडपेला तोच वारा कडीवर ढकलत राहतो.

लाकूड साग असेल तर उत्तम. घरच्या झाडाचा पक्का वाळलेला फणस असेल तर तोही चालेल, पण चौकटीचे पाय जमिनीत पुरू नयेत, दगडी उंबऱ्यावर टेकवावेत. वाळवी तेथूनच चढते. झडपेचा खालचा अडीच फूट भाग लाकडी फळीचा आणि वर काच असे केले तर खुर्चीतूनही बाहेरचे दिसते आणि खुर्चीची पाऊलपट्टी काचेवर आपटत नाही. काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली घ्या, मात्र चौकट प्रत्यक्ष बसल्यावर माप देऊन मगच मागवा. टफन्ड काच भट्टीतून आली की तिला पुन्हा कापता येत नाही. कोपरा थोडा जरी तासायला गेलात तरी पूर्ण काचेचा चुरा होतो. बिजागऱ्या व कड्या स्टेनलेस स्टीलच्या, शक्य तर ३१६ प्रतीच्या घ्या. ३०४ लाही समुद्राजवळ तांबूस डाग पडतात.

वळचण

असमान झडपांची कल्पना घरात सर्वांना पटली. सरकत्या दरवाजाचा नाद सोडला आहे. खळ्यातली ताईंची गोधडी आईला विशेष पटली.

आता मुख्य प्रश्न. गवंडी म्हणतो की वरची भिंत तशीच ठेवून, तिच्यातून आरपार लोखंडी आडवे घालून, ते आत-बाहेर टेकूंवर तोलून खालचे चिरे काढू. त्याचे वडील काल येऊन भिंत पाहून गेले. ते सत्तरीचे आहेत. त्यांनी खिडकीशेजारचा गिलावा हातोडीने वाजवला, दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, तेव्हा ते मुलाला म्हणाले, “आधी कौलां उतरवूया. वरचा भार गेल्याबिगर भितीला हात लावायचा नाय.” बापलेकांत कोणाचे ऐकावे?

ओळंबा

बापाचे.

मुलगा सांगतो ती पद्धत चुकीची नाही. वर मजला असेल, उंच भिंत असेल, तेव्हा दुसरा मार्गच नसतो. तेव्हा भिंतीच्या अर्ध्या जाडीत बाहेरून खाच घेऊन एक तुळई बसवतात, तिच्यावरची फट कोरड्या सिमेंट मसाल्याने ठासून भरतात, ती पक्की झाली की आतून उरलेल्या अर्ध्या जाडीत दुसरी बसवतात. परंतु यासाठी बांधकाम सिमेंटात घट्ट असावे लागते. तुमची भिंत मातीत आहे आणि साठ-पासष्ट वर्षांत त्या मातीत मुंग्यांनी व उंदरांनी काय केले असेल ते पोकळ आवाजावरून कळतेच. आरपार घातलेल्या दोन आडव्यांच्या मधला चिरा सैल झाला की तो खाली येतो आणि एक चिरा पंचवीस-तीस किलोंचा असतो.

वर अवघे अडीच फूट बांधकाम असताना ते वाचवण्याची धडपड कशासाठी? त्या भागाची कौले व रिपा उतरवा. लाकडी पट्टीला खोलीतून व पडवीतून लोखंडी प्रॉप, म्हणजे उभे टेकू द्या, त्यांच्या पायाखाली जाड फळ्या घाला, म्हणजे शेणाच्या किंवा शहाबादी जमिनीत ते रुतणार नाहीत. मग वरून एकेक थर करत चिरे हातांनी उतरवा. उतरवलेले चिरे फेकू नका. जुना चिरा हवेवर मुरून टणक झालेला असतो, त्याच चिऱ्यांनी वरचे काम पुन्हा होईल.

ब्रेकर मशीन आणू देऊ नका. मातीचे सांधे त्या थरथरीने आजूबाजूलाही सैल होतात. उभ्या कडेला रेघ मारून कटरने दोन्ही अंगांनी काप घ्यायचा आणि आतला उरलेला भाग छिन्नीने सोडवायचा. काम हळू होते, धूळ भयंकर उडते, परंतु शेजारची भिंत हलत नाही.

जुनी चौकट काढतानाही सावध राहा. त्या काळच्या पुष्कळ खिडक्यांवर वेगळा आधार नसून चौकटीची वरची जाड पट्टीच, तिचे दोन्ही कान भिंतीत शिरवून, आधाराचे काम करत असते. ती सजावट समजून आधी खेचली की वरचे दोन-तीन चिरे सोबत येतात.

आगरवाट

एक कागदोपत्री मुद्दा. भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या आत असल्याने तुमचे घर सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी नियमन क्षेत्रात, मोडण्याची शक्यता मोठी आहे. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत अधिकृत जुन्या घरांच्या दुरुस्तीला वाव आहे, पण जोत्याचे क्षेत्र न वाढवलेलेच बरे. पडवी आहे तशी ठेवा, या निमित्ताने ती बंदिस्त करण्याच्या मोहात पडू नका. नगररचना कायद्यात परवानगीशिवाय करता येणारे बदल हे घराच्या आतले किंवा बाहेरील स्वरूप ठळकपणे न बदलणारे असतात. खिडकीचा दरवाजा होणे हे बाहेरून दिसते, म्हणून ग्रामपंचायतीत आधी लेखी अर्ज देऊन पोच घेतलेली बरी. आमच्या वाडीत एकाने ती घेतली नाही आणि पुढे घर विकताना त्याला नकाशा जुळवत बसावे लागले.

सुतारपक्षी

ओळंबाकाका, आधार लोखंडी गर्डरचा घालावा की काँक्रीटचा? आमच्याकडे हल्ली सरसकट सी चॅनल, म्हणजे सी आकाराची लोखंडी तुळई टाकतात.

ओळंबा

समुद्रापासून चारशे मीटरांवर मी लोखंड उघडे ठेवणार नाही. गिलाव्यात झाकले तरी खारा ओलावा जांभ्याच्या छिद्रांतून पोचतो, लोखंड गंजून फुगते आणि गिलावा सोलून काढते. काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे दारावरचा आडवा आधार घ्या, पण तोही काळजीपूर्वक. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनारी हवेतील काँक्रीट तीव्र वर्गात धरले आहे. त्यासाठी किमान एम ३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आच्छादन सांगितले आहे. आपल्याकडे सळईखाली खडी सरकवून वीस मिलिमीटरांवर भागवतात आणि दहा वर्षांत छज्जे खाली येतात.

खाडीची रेती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तिच्यातला खार सळई खातो. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर कामासाठी गोडे पाणी आणा. लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीत किमान ९ इंच शिरला पाहिजे आणि तुमची भिंत मातीतली असल्याने मी तर दोन्ही उभ्या कडांनाही काँक्रीटचे पातळ खांब करून ते लिंटेलशी सळईने जोडीन. म्हणजे उघड्या भागाला चौफेर कडे बसते, सुटलेले चिरे त्यात आवळले जातात आणि दरवाजाची चौकट अडकवायला भक्कम जागा मिळते. नुसत्या जांभ्यात ठोकलेला बोल्ट वर्षभरात हलू लागतो.

लिंटेलखालचे टेकू १४ दिवस काढू नका आणि निदान दहा दिवस गोणपाटावर पाणी मारत राहा. आठ दिवसांत काम संपवणारा माणूस यातले नेमके हेच दिवस वाचवत असतो.

वळचण

काम झाले, म्हणून सविस्तर लिहितो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कौले उतरवली. उत्तर कोपऱ्याचा गिलावा खरवडला, तेव्हा १९६७ ची भेग मिळाली. चुन्याने भरलेली, अंगठ्याएवढी रुंद, वरून चौथ्या थरापर्यंत. ती अजून घट्ट होती, तरीही ओळंबाकाकांच्या सांगण्यावरून तेथे दोन थरांत आडव्या सळया घालून घेतल्या. खिडकीशेजारच्या पोकळ जागी चिरे भिंतीच्या पूर्ण जाडीचे नव्हतेच. बाहेरून एक पदर, आतून एक पदर आणि मधे माती व चिऱ्यांचा चुरा, त्यात उंदरांचे घर. वरचा भाग तसाच ठेवून खालून काढला असता तर ते सगळे कोणाच्या तरी डोक्यावर आले असते. गवंड्याच्या वडिलांनी ते पाहून मुलाकडे नुसती नजर टाकली.

दरवाजा ५ फूट रुंद व पावणेसात फूट उंच झाला. उंबरा काळ्या दगडाचा, खोलीच्या जमिनीपासून अर्धा इंच वर आणि त्या अर्ध्या इंचालाही आतल्या अंगाने उतार दिला आहे, त्यामुळे खुर्चीचे चाक अडत नाही. बाहेर चार इंच खाली असलेल्या पडवीसाठी साधारण एकास बारा या उताराने ४ फूट लांबीची लाकडी उतरण केली आहे. ती पावसात उचलून आत घेता येते. पडवीची जमीन बाहेरच्या बाजूला थोडी ढाळून घेतली. सगळे मिळून साडेसात आठवडे लागले.

मृगाचा पाऊस वाऱ्यासह आला, तेव्हा पडवीच्या निम्म्यापर्यंत झड येत होती. उंबऱ्यावरून पाणी आत आले नाही. वडील दारापाशी खुर्ची लावून काचेतून बाहेर पाहत बसतात. एकच गोष्ट राहिली आहे. लहान झडपेची खालची कडी ज्या भोकात उतरते, ते उंबऱ्यातले भोक पावसाच्या उडालेल्या थेंबांनी भरून राहते आणि कडी वर ओढली की पाण्याची चूळ आत पडते. काय करावे?

सुतारपक्षी

ते भोक बंद बुडाचे राहिले आहे. त्याच्या तळातून बाहेरच्या बाजूला तिरके, पेन्सिलीएवढे दुसरे भोक उंबऱ्याच्या दर्शनी कडेपर्यंत पाडून घ्या, म्हणजे पाणी पडवीत उतरेल. दगडाला ड्रिल सावकाश आणि पाणी घालत चालवा. ठोकणी चालू ठेवू नका, उंबऱ्याची कड उडेल.

वळचण

आज सकाळी पाडून घेतले. दुपारी सर येऊन गेली, भोकात पाणी नाही. तिरक्या भोकाच्या तोंडाशी मुंग्या येऊ नयेत म्हणून तांब्याच्या जाळीचा तुकडा बसवला आहे.